दहा पावलांच्या आत

बोर्ड जोडला आणि डबा घुमायला लागला. ना गाणं, ना बोलणं. मडक्यात भुंगा कोंडावा तसा नुसता घूंऽऽऽ.

“बंद कर वैजू, डोकं उठलं,” अण्णा म्हणाले.

मी बटण बंद केलं. डबा म्हणजे आमचा घरी केलेला स्पीकर. अण्णांनी प्लायवूडचं खोकं ठोकलं होतं. त्यात भंगारातल्या जीपमधून काढलेले दोन स्पीकर, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि तळाला मोटारसायकलची बॅटरी. वर पट्टा, खांद्याला अडकवून नेण्यासाठी. आता त्याला आम्ही ब्लूटूथ बसवत होतो. विट्याच्या बाजारातून आणलेला बोर्ड काडेपेटीएवढा होता आणि दुपारपासून त्यानं आम्हाला रडवलं होतं.

अण्णा खोक्यात डोकावले. जातीनं आम्ही सुतार, पण अण्णांचा जीव लाकडापेक्षा तारांत जास्त. सगळं गाव त्यांना रेडिओ सुतार म्हणायचं.

“बॅटरी एक आणि जेवणारे दोघं,” ते म्हणाले. “म्हणून भांडतायत. ह्या बारक्याला वेगळं ताट वाढ.”

मी जुन्या मोबाइलचा सेल काढला आणि बोर्डाला तो स्वतंत्र जोडला. तारा जोडायचे कथलाचे डाग मीच द्यायचे. अण्णांचे हात अलीकडे कापायचे. वय झालं, म्हणायचे.

पुन्हा बटण दाबलं. या वेळी भुंगा नाही. एक बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली, मग टुंग असा आवाज आला आणि अण्णांच्या फोनवरचं भजन आमच्या सुतारकामाच्या पत्र्याच्या कारखान्यात असं घुमलं की वरच्या कबुतरांनी पंख झाडले.

“आली मडम,” अण्णा हसले.

मीही हसले. मग मनात आलं ते विचारलं, “अण्णा, ह्याला कुलूप नाही का? कुणीही फोन जोडला तर?”

“कोण जोडतंय? दहा पावलांच्या आत यायला लागतं. मधी चार माणसं आली तरी तुटतंय. फटफट करतंय. आणि एक जोडला असताना दुसरा लागत न्हाई. पयला येईल त्याचा डबा.”

पयला येईल त्याचा डबा. हे त्यांनीच मला शिकवलं.

त्या दिवसांत गावात एकच विषय होता. पोपटरावाचं देशी दारूचं दुकान. शाळेच्या वाटेवर होतं ते. हौसाबाई मान्यांनी बायका गोळा करून अर्ज केला, साहेब लोक येऊन सह्या तपासून गेले आणि मतदानाची तारीख लागली. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण गंमत अशी की गावातल्या एकूण मतदार बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच बंद. म्हणजे भीतीनं घरी बसलेली प्रत्येक बाई पोपटरावाच्या पारड्यात.

प्रचाराला आवाज पाहिजे. गावातल्या साउंडवाल्यानं हात वर केले. पोपटराव त्याचं मोठं गिऱ्हाईक. म्हणाला, मशिन दुरुस्तीला गेलंय. ते मशिन मला त्याच्या ओसरीवर दिसत होतं. मी चिडून घरी आले आणि अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, “मी करून देतो.”

मला केवढा अभिमान वाटला होता त्यांचा! मी सासर सोडून आले होते. आटपाडीला दिलं होतं मला. नवरा प्यायचा आणि पिऊन काय करायचा ते माझ्या डाव्या मनगटाला विचारा, अजून नीट वळत नाही. अण्णा स्वतः टेंपो घेऊन आले होते न्यायला. सासऱ्यासमोर उभे राहून म्हणाले होते, “दारुड्याच्या घरात माझी पोर ठेवणार न्हाई.” माझी ट्रंक त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. आईच्या तेराव्याला त्यांनी दारू सोडायची शपथ घेतली होती, हे मला ठाऊक होतं. म्हणून त्या दिवशी त्यांचा तो आवाज मला देवाचा वाटला.

डबा झाला. पण सुरुवातीला त्याला वायर होती. एकीच्या खांद्यावर डबा, दुसरीच्या हातात फोन आणि मधे वायर. दोघींनी बैलजोडीसारखं चालायचं. खालच्या आळीत पोहोचेपर्यंत पिन मोडली, बोलणं मधेच तुटलं आणि कट्ट्यावरची माणसं फिदीफिदी हसली. एकजण म्हणाला, “बायकांची वायरच तुटली की रं.” म्हणून ब्लूटूथ.

आणि वाजवायचं काय? तर बायकांचंच बोलणं. उभं राहून बोलायची कुणाची छाती नव्हती. दीर, सासरे समोर. मग हौसाबाईंनी तोड काढली. एकेकीनं कारखान्यात यायचं, मनातलं बोलायचं, नाव सांगायचं नाही. ते गावात वाजवायचं. माझ्या फोनचा माइक खराब, म्हणून अण्णांच्या फोनवर रेकॉर्ड करायचो आणि मग माझ्या फोनवर घ्यायचो. बायका आल्या की अण्णा आपण होऊन बाहेर चिंचेखाली जाऊन बसायचे. “मोकळं बोलू द्या त्यांना,” म्हणायचे.

शोभा खिलारे आली तेव्हा हौसाबाई, मी आणि आणखी दोघी होतो. शोभा पंचविशीची, अंगानं काटकुळी, तिचा नवरा बबन ट्रॅक्टरवर होता. फोन समोर ठेवल्यावर ती नीट, ठरवल्यासारखं बोलली. पोरीच्या दप्तराचे पैसे, विकलेली शेळी, फुटलेलं डोकं. संपल्यावर आम्ही सैलावलो. कुणीतरी पान काढलं. फोन चालूच राहिला होता. आणि मग शोभा हसत हसत काहीतरी बोलून गेली. हसण्यावारी सुरू झालं आणि शेवटी कारखान्यात चिडीचूप झालं. हौसाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, “हे हितंच ठेवायचं, बायांनो. भाईर न्हाई.”

माझ्या फोनवर घेताना मी तेवढा तुकडा कापून टाकला. आणि अण्णांना सांगितलं, “तुमच्या फोनातलं सगळंच पुसा.”

“पुसलं,” अण्णा म्हणाले. मी शोभाला तसंच सांगितलं.

मतदानाच्या आधीचा रविवार, बाजाराचा दिवस. चावडीपुढच्या चौकात दुपारी आम्ही डबा पारावर ठेवला. बायका एका बाजूला, कडेकडेनं बाप्ये. चहाच्या गाड्यावर पोपटरावाची पोरं पाय पसरून बसली होती. त्यांच्यातच बबन. पारापासून जवळच कुणाचा तरी भाजीचा टेंपो उभा होता. अण्णा आले नव्हते. गुडघा धरलाय म्हणाले होते.

हौसाबाई म्हणाल्या, “लाव गं वैजे.”

मी बटण दाबलं. टुंग. जोडला. मी माझ्या फोनवर पहिल्या बाईचं बोलणं लावलं आणि डबा बोलायला लागला.

पण ती पहिली बाई नव्हती. आधी हसू आलं. शोभाचं हसू. ते गावात कुणालाही ओळखू आलं असतं.

“खरं सांगू का?” डबा म्हणाला. “एका राती त्यो प्यून आला अन् गोठ्यातच पडला. थंडी अशी, बोटं वाकत नव्हती. म्या भाईरनं कडी घातली. म्हनलं, पडू दे. सकाळी उठलाच न्हाई तर बरं हुईल. खरंच गं. देवाला हात जोडलं म्या. म्हनलं, उठवू नगंस त्येला...”

मी फोनवर थांबवायचं बटण दाबलं. परत दाबलं. बोटांनी नुसती ठोकत राहिले. डबा बोलतच होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझ्या हातातला फोन आपलं वेगळंच पुटपुटतोय. डब्यातून बोलणारा फोन माझा नाही. मी झडप घालून आवाजाचं बटण खाली पिरगाळलं.

चौकात कुणी हलेना. शोभा पाराच्या पायरीवर बसली होती. तिनं वर बघितलं, बबनकडे नाही, माझ्याकडे.

“तू ठेवलंस,” ती म्हणाली. “पुसलं म्हनलीस, अन् ठेवलंस.”

“शोभा, हा माझा फोन नाही...”

“तुझ्याच डब्यात वाजलं की!” दुसरी एक ओरडली. “आमची बी ठेवल्यात व्हय गं? आमची बी वाजिवणार?”

बायका मागे सरकल्या. माझ्यापासून! इतके दिवस ज्यांच्याबरोबर उंबरे झिजवले, त्या माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघायला लागल्या. चहाच्या गाड्यावर कुणीतरी शिट्टी मारली. आणि बबन उठला. हातातली बशी त्यानं हळूच खाली ठेवली आणि शोभाच्या दिशेनं चालायला लागला. त्या बशी ठेवण्याचीच मला जास्त भीती वाटली.

हौसाबाई मधे आडव्या आल्या. साठीची बाई, हातात काठी. “एक पाऊल पुढं टाक,” त्या म्हणाल्या. “टाकच.”

माझं डोकं मात्र गरम तव्यासारखं झालं होतं. एकच गोष्ट कळत होती. ते बोलणं पुरं कुठंच उरलं नव्हतं, अण्णांच्या फोनाशिवाय. पुसलं म्हणाले, पण पुसलं गेलं नसणार. म्हातारा माणूस. आणि फोन कुणीतरी चोरलाय. पोपटरावाच्या पोरांपैकी कुणीतरी अण्णांना फसवून फोन उचललाय आणि तो आत्ता इथं आहे. दहा पावलांच्या आत.

मी डबा छातीशी उचलला. आवाज इतका बारीक केला की जाळीला कान लावला तर मलाच ऐकू यावा. शोभाचा आवाज अजून आत बोलत होता. मी आधी चहाच्या गाड्याकडे गेले. पोरं हसत उठली. “काय वैजूताई, आमची झडती घेताय?” आणि डबा फटफटला. एक शब्द लागला, दोन गळाले. आणखी पुढे गेले तर पारच मुका झाला. इकडे नाही.

उलटी फिरले. पाराजवळ येताच शोभा परत बोलायला लागली. चावडीच्या दाराकडे गेले, तुटक. पाणपोईकडे गेले, तुटक. लोक बघत होते, या बाईला खूळ लागलं म्हणून. एक म्हातारा म्हणाला, “कशाला नाचतीया डबा घेऊन?” मी भाजीच्या टेंपोकडे वळले आणि आवाज असा स्वच्छ झाला, जणू शोभा माझ्या कानातच बोलतेय.

मी टेंपोला वळसा घातला.

अण्णा उलट्या क्रेटवर बसले होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. फोन दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरलेला, पाखरू धरावं तसा.

पहिल्यांदा मला खरंच वाटलं की चोर सापडला आणि अण्णांनी त्याच्याकडून फोन काढून घेतलाय. माणसाचं मन किती गाढव असतं.

“अण्णा, कोण होता?”

त्यांनी टॉवेल कपाळावर आणखी खाली ओढला.

“अण्णा?”

“आपोआप लागला असंल गं,” ते म्हणाले. “मी हितं सहज... हे यंत्र असंच. आपोआप जोडतंय.”

“जोडतं आपोआप,” मी म्हणाले. “वाजत नाही आपोआप.”

मी फोन घ्यायला वाकले आणि मला वास आला. आधी बडीशेपेचा. रोज संध्याकाळी यायचा तो, जेवणाआधीच. आणि त्याच्या खाली दुसरा. तो वास मी आटपाडीच्या घरात अंधारात ओळखायची, पावलं वाजायच्या आधी. आता तो माझ्या बापाच्या तोंडाला होता, भर दुपारी.

मला एकदम सगळं समजलं. कापणारे हात. संध्याकाळची ‘पाय मोकळे करून येतो’ म्हणून चक्कर. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला वय म्हणत होते.

“तुम्ही पुसलं म्हणालात.”

“व्हय.”

“कशापायी केलंत?”

“घरी चल. घरी बोलू.”

“इथंच बोला. ती बघा तिथं. बबन तिला जिवंत सोडेल का?”

“तिला काय हुतंय! नवराबायकोचं हाय. चार दिवस बोलतील, सोडून देतील.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “मी म्हनलं, बायका जरा बिचकतील. मतदानाला बाहीर पडायच्या न्हाईत. एवढंच.”

“एवढंच?”

“दुकान गेलं तर मी कुठं जाऊ गं, वैजू?”

हे ते अगदी हळू बोलले. लहान मूल विचारतं तसं. मला आधी डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच मला संताप आला. चिंचेखाली बसून ह्या माणसानं आम्हाला मोकळं बोलायला लावलं. स्वतःच्या हातानं डबा करून दिला. माझी ट्रंक डोक्यावर घेतली. आणि एका क्वार्टरसाठी शोभाला भर बाजारात उभी केली.

मी त्यांच्या दंडाला धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. ओढतच त्यांना टेंपोच्या आडून चौकात आणलं. गुडघा धरला नव्हता, नीट चालत होते.

“हा फोन बघा!” मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. “हा अण्णांचा आहे. माझ्या बापाचा. ह्यांनी ते पुसलं नाही आणि ह्यांनी ते वाजवलं. पोपटरावानं सांगितलं नाही, कुणी सांगितलं नाही. ह्यांना रोज लागते म्हणून!”

कडेनं कुणीतरी म्हणालं, “पोरी, बाप हाय तुझा.” दुसरा म्हणाला, “चारचौघांत बापाला असं बोलत्यात का?” तिसऱ्यानं पुढे येऊन माझा हात अण्णांच्या दंडावरून सोडवायला बघितला.

“हात काढा!” मी म्हणाले. “मघाशी तो बबन उठला तेव्हा तुमच्यापैकी एक तरी म्हणाला का, बायको हाय तुझी? माझा बाप बरा दिसला तुम्हाला!”

तो माणूस मागे सरकला. अण्णा खाली बघत उभे होते. टॉवेल सुटून खांद्यावर आला होता. आणि बबन हौसाबाईंच्या काठीपलीकडे तसाच उभा होता, मुठी आवळून, कारण आता सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं.

तेवढ्यात शोभा उठली.

“वैजाक्का,” ती म्हणाली, “पुढचं लाव.”

मला कळेना.

“आर्धंच ऐकलं की ह्यांनी. लाव पुढचं. मोठ्यानं लाव.”

“शोभे, नगं,” हौसाबाई म्हणाल्या.

“आता काय ऱ्हायलंय आत्ती? लावू दे.”

मी अण्णांच्या फोनवर ते जरा मागे घेतलं, डबा पारावर ठेवला आणि बटण पुरतं वर फिरवलं.

“...देवाला हात जोडलं म्या. म्हनलं, उठवू नगंस त्येला,” डबा म्हणाला. मग खूप वेळ काहीच नाही. फक्त कारखान्यातल्या कबुतरांचा आवाज. मग परत शोभा, पण आता हसू नव्हतं. “कोंबडं आरवायच्या आधी म्याच उठले. कडी काढली. त्येचं पाय गार लाकडासारखं झालं हुतं. पदरानं चोळलं. चोळून चोळून माझं हात सोलून निघालं. आत ओढला, वाकळ घातली, उशाला बसले. उजाडल्यावर उठला, च्या प्याला आन् म्हनला, पैसं काढ. त्येला कळलंच न्हाई गं. कितींदा मरायला निघतोय अन् कितींदा म्या वढून आणतीया, त्येला कळतच न्हाई.”

तुकडा संपला. टुंग करून फोन बंदच पडला.

शोभा बबनसमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या छातीएवढी होती ती.

“ऐकलंस?” तिनं विचारलं. “मार आता. हितंच मार.”

बबननं हात उचलला नाही. त्याला पाझर फुटला असं मी म्हणणार नाही. बाजारातली सगळी माणसं त्याच्या हातांकडे बघत होती म्हणून तो थांबला. मग थुंकला आणि वळून निघून गेला. चहाच्या गाड्यावरची पोरं सरळ बसली होती.

त्या संध्याकाळी शोभा आणि तिची पोर हौसाबाईंच्या घरी राहिल्या. मीही. अण्णांच्या घरातून मी माझे कपडे आणि डाग द्यायची इस्त्री एवढंच उचललं. अण्णा अंगणात उभे होते. म्हणाले, “जेवून तरी जा.” मी त्यांच्या बाजूनं निघून गेले. शिवी तोंडात आली होती, ती मी गिळली. अजून कधीकधी वाटतं, गिळायला नको होती.

मतदानाच्या दिवशी बायका कशा आल्या म्हणून सांगू! रात्रीच्या गोष्टी चौकात उघड्या झाल्या होत्या, आता झाकायचं काय उरलं होतं? ज्या घरांत आम्हाला दारही उघडलं नव्हतं, त्या घरांतल्या म्हाताऱ्या नातवांच्या सायकलवर बसून आल्या. आडवी बाटली जिंकली. पोपटरावानं पाटी उतरवली तेव्हा मी बघायला गेले नाही. मला आनंदच होईना. डोक्यात तो एकच शब्द घुमत होता. एवढंच.

दुकान बंद झालं, अण्णा बंद झाले नाहीत. दुपारच्या एसटीनं विट्याला जायचे आणि सांजच्याला झुकत यायचे. लोक मला येऊन सांगायचे. काहींना त्यात मजा वाटायची. काही म्हणायचे, बाप म्हातारा झालाय, विसर आता. मी हौसाबाईंच्या पडवीत मोबाइल दुरुस्तीचं टेबल टाकलं होतं. खाली मान घालून डाग देत राहायची. कुणाच्या बोलण्याला उत्तर द्यायची नाही.

असे बरेच महिने गेले. मग एका सकाळी अण्णा पडवीपुढे येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, हातात कापडी पिशवी. आत यायचं त्यांना सुचेना आणि मी या म्हणाले नाही.

“मिरजेला एक केंद्र हाय म्हणत्यात,” ते म्हणाले. “दारू सोडवायचं. तिथं एकट्याला घेत न्हाईत. घरचं कुणीतरी लागतं.”

मी इस्त्री खाली ठेवली. नाही म्हणायचं असं मी इतक्या वेळा मनात घोकलं होतं की ते ओठांवर तयारच होतं. पण त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि तेवढं साधं काम करतानाही ती दोनदा खाली पडली.

मी चपला घातल्या. बोलले मात्र नाही. एसटीत ते पुढच्या बाकावर बसले, मी मागे. तिकिटं मी काढली. सगळा रस्ता मी त्यांच्या मानेकडे बघत होते आणि मनातल्या मनात भांडत होते.

केंद्रात टेबलामागे एक तरुण बाई होती. तिनं अण्णांना समोर बसवलं. मी भिंतीशी उभी राहिले.

“किती वर्षं घेताय, आजोबा?”

अण्णा काहीतरी पुटपुटले.

“मोठ्यानं बोला. ऐकू येत नाही.”

अण्णांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली नाही. ऐकायचंच होतं मला.

“हिच्या जन्माच्या आधीपासून,” अण्णा म्हणाले. “मधी कधी सुटलीच न्हाई. हिची आई गेली तवा शपथ घेतली, त्याच संध्याकाळी मोडली.” त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि म्हणाले, “हिला सासरहून आणली त्या दिवशी बी प्यालो हुतो. त्याबिगर व्याह्यापुढं उभं ऱ्हायची छातीच नव्हती माझी.”

माझ्या आयुष्यातला तो एक दिवस मी इतकी वर्षं जपून ठेवला होता. आता तोही गेला. वाटलं, ह्या माणसाला इथंच टाकावं आणि पहिल्या गाडीनं परत जावं. दारापर्यंत गेलेही.

“सही कोण करणार?” टेबलामागची बाई विचारत होती. “नात्यातलं कुणी आहे का बरोबर?”

माझ्याकडे बघून ‘ही माझी मुलगी’ म्हणायचं धाडस अण्णांच्यात उरलं नव्हतं. ते नुसते आपल्या कापणाऱ्या हातांकडे बघत राहिले.

मी दारातून परत फिरले. राग तसाच होता. अजूनही आहे.

“मी मुलगी,” मी म्हणाले. “आणा तो कागद इकडं.”